शिवनाथ ते पारादीप : महानदीचा प्रवाहमार्ग आणि तिची नाव्यता

‘अटकेपासून कटकेपर्यंत’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ आहे. परंतु त्यातील कटक हे महानदीच्या काठचे शहर आहे, हे बोलताना सहसा ध्यानात येत नाही. मराठी माणसाच्या ऐतिहासिक स्मृतीत या नदीचे मुख आहे, प्रवाह मात्र नाही. वस्तुतः या नदीच्या एका प्रमुख शाखेचा उगम महाराष्ट्राच्याच भूमीत होतो आणि भोसलेकालीन नागपूर राज्याचा पूर्व भाग बव्हंशी हिच्याच खोऱ्यात सामावलेला होता. पूर्वी या नदीतून व्यापारी नौका शेकडो मैल जात येत असत. आज तिच्या वरच्या खोऱ्यात नौका दिसते ती बहुधा कोळ्याची किंवा भाविकांना पैलतीरी नेणारी. हा बदल कसा घडला हे समजण्यासाठी प्रथम नदीचा मार्ग आणि त्यानंतर तिच्या नाव्यतेचा, म्हणजे नौकानयनाच्या योग्यतेचा, इतिहास पाहणे इष्ट ठरेल.

१. दोन नद्यांमधील भूमी

नागपूरहून रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड दुर्ग शहराच्या पश्चिमेस शिवनाथ नदी ओलांडतो. पुढे भिलाईची पोलाद नगरी, भिलाई-३ व चरोदा हा भाग मागे टाकून कुम्हारीपलीकडे तो खारून नदी ओलांडतो आणि रायपूर जिल्ह्यात प्रवेश करतो. भिलाई-३ हे अशा रीतीने दोन नद्यांच्या मधल्या भूमीवर वसलेले आहे. ही भूमी इतकी सपाट आहे की तिच्यावरील जलविभाजक डोळ्यांना जाणवत नाही. पावसाळ्यात नाले कोणत्या दिशेला वाहतात हे पाहूनच तो ओळखावा लागतो. तथापि येथील पाणी पश्चिमेस गेले काय किंवा पूर्वेस गेले काय, त्याचा शेवट एकच आहे. खारून नदी सिमगा परिसरात सोमनाथ येथे शिवनाथेस मिळते, शिवनाथ शिवरीनारायणजवळ महानदीस मिळते आणि महानदी बंगालच्या उपसागरास.

येथे एक विसंगती लक्षात येते. भिलाईच्या परिसरातील पाणी ईशान्येकडे व मग पूर्वेकडे वाहत जाते. माणसांची व मालाची वाहतूक मात्र नद्यांना आडवी छेदून जाते. पोलाद कारखान्याचे लोहखनिज दल्ली-राजहरा येथून रेल्वेने येते आणि तयार रूळही रेल्वेनेच बाहेर पडतात. नदीशी या उद्योगाचा संबंध आहे तो केवळ पाण्यापुरता. तांदुला, खरखरा, गोंदली आणि गंगरेल या जलाशयांच्या पाण्यावर त्याची भिस्त आहे. नदी ही वाट नसून साठा आहे, ही आधुनिक दृष्टी येथे जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल.

२. उगम आणि मुख्य शाखेचा प्रश्न

महानदीचा उगम धमतरी जिल्ह्यात सिहावाजवळील फरसिया गावी, समुद्रसपाटीपासून सुमारे ४४२ मीटर उंचीवर, मानला जातो. तिची एकूण लांबी सुमारे ८५१ किलोमीटर असून त्यांपैकी ३५७ किलोमीटर छत्तीसगढात व ४९४ किलोमीटर ओडिशात आहेत. खोऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे १,४१,६०० चौरस किलोमीटर भरते. छत्तीसगढ आणि ओडिशा यांचाच त्यात प्रमुख वाटा आहे; झारखंड, महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्या वाट्याला केवळ लहान तुकडे येतात.

महाराष्ट्राचा तुकडा लहान असला तरी भौगोलिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या कोरची तालुक्यात कोटगूलच्या आसपास जो डोंगराळ प्रदेश आहे, तेथे शिवनाथ उगम पावते. याच तालुक्यातील पश्चिम उतारावरचे पाणी वैनगंगेला मिळते आणि गोदावरीवाटे आंध्रच्या किनाऱ्याला पोहोचते. पूर्व उतारावरचे पाणी शिवनाथेवाटे ओडिशाच्या किनाऱ्याला जाते. एकाच तालुक्यात पडलेला पाऊस दोन निरनिराळ्या राज्यांच्या किनाऱ्यांवर समुद्रास मिळावा, हे जलविभाजकाचे उत्तम उदाहरण होय.

केंद्रीय जल आयोगाच्या नोंदीनुसार शिवनाथेची लांबी ३८३ किलोमीटर आणि तिच्या उपखोऱ्याचे क्षेत्रफळ ३०,७६१ चौरस किलोमीटर आहे. महानदीचा छत्तीसगढातील संपूर्ण प्रवाह ३५७ किलोमीटरांचा असल्यामुळे, संगमापर्यंत शिवनाथ ही महानदीपेक्षा लांब आहे हे उघड आहे. केवळ लांबीची कसोटी लावली तर शिवनाथेलाच मुख्य नदी मानून कोटगूलचा परिसर हा या जलप्रणालीचा सर्वांत दूरचा उगम ठरवावा लागेल. परंतु नद्यांची नावे मोजपट्टीने ठरत नाहीत. सिहावाचा शृंगी ऋषींचा आश्रम, राजिमचा संगम आणि सिरपूरची प्राचीन नगरी ज्या शाखेवर आहेत, त्या शाखेलाच लोकपरंपरेने ‘महानदी’ हे नाव दिले आणि भूगोलाने ते मान्य केले.

३. छत्तीसगढचे मैदान

सिहावाच्या डोंगरातून निघालेली महानदी आरंभी पश्चिमेकडे कांकेरच्या दिशेने जाते आणि नंतर वळण घेऊन उत्तर व ईशान्येकडे वाहू लागते. धमतरीजवळ रुद्री येथे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बंधारा बांधून कालवा काढण्यात आला. सिलियारी नदीवरील मुरूमसिल्ली धरण १९२३ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या स्वयंचलित वक्रनलिका सांडव्यांमुळे ते अभियांत्रिकीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९७८ च्या सुमारास पूर्ण झालेले गंगरेल, अर्थात रविशंकर सागर, हा या साखळीतील सर्वांत मोठा जलाशय होय.

राजिम येथे पैरी आणि सोंढूर यांचे पाणी महानदीस मिळते. पात्राच्या मध्यभागी असलेले कुलेश्वर महादेवाचे मंदिर उन्हाळ्यात वाळवंटात उभे असल्यासारखे दिसते आणि पावसाळ्यात पाण्याने वेढले जाते. या एका मंदिराकडे वर्षातून दोनदा पाहिले तरी या नदीच्या स्वभावाची कल्पना येते. पुढे उजव्या तीरावर सिरपूर आहे. तेथील विटांचे लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातील मानले जाते.

या संपूर्ण मैदानाखाली चुनखडक व शेल यांचे प्राचीन, जवळजवळ आडवे थर आहेत. त्यामुळे नदीचा उतार मंद, पात्र रुंद व वाळूचे आणि काठ उघडे आहेत. भिलाईजवळील जामुलपासून बलौदा बाजारपर्यंत पसरलेला सिमेंट उद्योग याच चुनखडकावर उभा आहे. शिवनाथेस तांदुला, आमनेर, खारून, मनियारी, अरपा व लीलागर या उपनद्या मिळत जातात आणि पंख्याच्या पात्यांप्रमाणे पसरलेले हे प्रवाह शिवरीनारायणच्या आसपास एकत्र होतात. तेथे जोंकही मिळते. या संगमानंतर महानदी पूर्वेकडे वळते. पुढे डावीकडून हसदेव आणि चंद्रपूरजवळ मांड येऊन मिळते. हे चंद्रपूर विदर्भातील नव्हे, हे सांगणे अवश्य आहे.

४. खडकाळ भाग आणि सातकोशिया

ओडिशाच्या सीमेनंतर नदी हिराकुडच्या जलाशयात शिरते. पूर्वी स्वतंत्रपणे मिळणारी इब नदी आता जलाशयातच लुप्त होते. धरणानंतर महानदी दक्षिणेकडे वळून संबळपूरवरून सोनपूरला पोहोचते. तत्पूर्वी ओंग आणि सोनपूर येथे तेल नदी उजवीकडून मिळते. तेल नदीचे उपखोरे २२,८१८ चौरस किलोमीटरांचे असून शिवनाथेखालोखाल तेच मोठे आहे.

हिराकुडपासून सोनपूरच्या खालपर्यंतचे पात्र कठीण खडकांनी भरलेले आहे. मैदानात पसरून वाहणारे पाणी येथे खडकांच्या फटींतून, धावत्या ओघांतून उतरते. त्यानंतर नदी पूर्व घाटांच्या रांगेला भिडते आणि बौदच्या खाली टिकरपाड्याच्या परिसरात त्यांना छेदून जाते. हीच सातकोशियाची घळ. सात कोस लांबीची म्हणून हे नाव; आधुनिक मापाने ती सुमारे २२ किलोमीटर भरते. दोन्ही बाजूंस अरण्य, मध्ये अरुंद व खोल पाणी. वर खडकांमुळे उथळ असलेली नदी येथे बाराही महिने नौका तरंगण्याइतकी खोल असते. डोंगर हा नौकानयनाचा शत्रू आणि मैदान हा मित्र, ही सर्वसाधारण समजूत महानदीने पुष्कळ अंशी खोटी ठरविली आहे.

५. त्रिभुज प्रदेश

कटकच्या पश्चिमेस नराज येथे नदी डोंगरातून बाहेर पडते आणि तिचा त्रिभुज प्रदेश सुरू होतो. येथेच काठजोडी ही मोठी शाखा फुटते. महानदी आणि काठजोडी यांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर कटक शहर व बाराबाटीचा किल्ला आहे. पुढे बिरूपा, चित्रोत्पला इत्यादी फाटे फुटतात. ब्राह्मणी व वैतरणी या नद्यांचा गाळही याच प्रदेशात मिसळतो. मुख्य प्रवाह पारादीपजवळ समुद्रास मिळतो. पारादीप हे १९६६ पासून प्रमुख बंदर आहे.

६. नाव्यतेची अट : ऋतू

महानदीला हिमाचे पाणी नाही. खोऱ्यातील बहुतेक सर्व पाऊस जून ते ऑक्टोबर या काळात पडतो. परिणामी पावसाळ्यात जी नदी मैलभर रुंद होते, तीच वैशाखात काही ठिकाणी पायी ओलांडता येते. गंगेसारख्या नदीच्या संदर्भात ‘नाव्य’ हे विशेषण नदीला लागते. महानदीच्या संदर्भात ते महिन्यांना लावले पाहिजे. पावसाळा ओसरू लागल्यापासून हिवाळ्यापर्यंतचा काळ तिच्यातील वाहतुकीला सर्वांत सोयीचा असे.

या मर्यादेतही जुना व्यापार मोठा होता. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये संबळपूरपासून वर आरंगच्या परिसरापर्यंत, म्हणजे सुमारे १२० मैल, होड्या चढू शकतात असे नमूद आहे. कटक ते संबळपूर हा व्यापाराचा मुख्य टप्पा. वरच्या प्रदेशातून तांदूळ, गळिताची धान्ये व वनोत्पन्ने खाली जात आणि किनाऱ्यावरून मीठ, कापड इत्यादी माल वर येई. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या प्रदेशाला मीठ पुरविणारी वाट म्हणजे केवळ व्यापारमार्ग नव्हे. ती जीवनरेषाच होय.

७. भोसल्यांची नदी

१७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकर यांच्या नेतृत्वाखाली नागपूरकर भोसल्यांचे सैन्य छत्तीसगढात उतरले. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी झालेल्या तहानंतर ओडिशा व्यवहारतः भोसल्यांकडे आला. १७५८ च्या सुमारास बिंबाजी भोसले रतनपूर येथे राहून छत्तीसगढचा कारभार पाहू लागले; १७८७ मध्ये त्यांचे निधन झाले. अशा प्रकारे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानदीचा उगमप्रदेश आणि तिचे मुख ही दोन्ही एकाच सत्तेच्या हाती होती. नागपूर हे गोदावरीच्या खोऱ्यातील शहर असूनही त्याच्या राज्याला समुद्र मिळाला तो महानदीच्या खोऱ्यातून.

ही अवस्था अर्धशतकच टिकली. ऑक्टोबर १८०३ मध्ये इंग्रजांनी कटक घेतले आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला झालेल्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक प्रांत सोडून दिला. राजकीय इतिहासात ही एका प्रांताची हानी म्हणून नोंदली जाते. भूगोलाच्या दृष्टीने पाहता तिचा अर्थ अधिक खोल आहे : नदीचे डोके नागपूरकरांकडे राहिले आणि तोंड कंपनीकडे गेले. त्यानंतर मीठ हे वरच्या प्रदेशाला परक्या सत्तेच्या मक्तेदारीतून घ्यावे लागले. नदीच्या वरच्या व खालच्या भागांवर निरनिराळ्या सत्ता असल्या म्हणजे काय होते, याचा हा पहिला धडा होता, शेवटचा नव्हे.

८. दुष्काळ, कालवे आणि रेल्वे

१८६६ चा ओडिशातील दुष्काळ हा नाव्यतेच्या प्रश्नाचा सर्वांत भीषण अध्याय होय. त्यात सुमारे दहा लक्ष माणसे मृत्युमुखी पडली असा अंदाज आहे. पाऊस अपुरा पडल्याने पीक बुडाले, हे त्याचे एक कारण. शासनाने धोका ओळखण्यास केलेला विलंब हे दुसरे. परंतु धान्य आणायचे ठरल्यावरही ते पोहोचविण्याची वाट नव्हती, हे तिसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. पावसाळा सुरू होताच फॉल्स पॉइंटच्या नांगरवाड्यात आलेल्या जहाजांवरील तांदूळ उतरविणे दुष्कर झाले. किनाऱ्यालगतच्या या प्रदेशाचे दुर्दैव असे की, उन्हाळ्यात समुद्र शांत असे तेव्हा नदी आटलेली असे, आणि नदी भरे तेव्हा समुद्र खवळलेला असे.

त्रिभुज प्रदेशातील केंद्रापाडा, तालदंडा इत्यादी कालव्यांचे काम एका खाजगी कंपनीने १८६३ मध्ये सुरू केले होते. दुष्काळानंतर ते शासनाने आपल्या ताब्यात घेतले. या कालव्यांना नौकांसाठी जलपाशही बांधले होते. सिंचन आणि वाहतूक ही दोन्ही कामे एकाच पाण्याकडून करून घ्यावीत, अशी ती कल्पना होती.

वरच्या खोऱ्यात मात्र निराळी शक्ती काम करू लागली. नागपूर-छत्तीसगढ रेल्वे १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत आली. पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेली, रुंदमापी झाली आणि रायपूर-बिलासपूरवरून पूर्वेकडे वाढली. झारसुगुड्याहून संबळपूरला फाटा गेला. रेल्वेला ऋतू नव्हता. जो तांदूळ पाण्याची वाट पाहत घाटावर पडून राहत असे, तो आता आठवड्याभरात कलकत्त्यास किंवा मुंबईस पोहोचू लागला. नदीला कोणी बंद केले नाही. व्यापाऱ्यांनी तिला सोडून दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी कटक-संबळपूर नौकाव्यापार जवळजवळ नामशेष झाला होता.

९. हिराकुड : बहुउद्देशीय कल्पना आणि तिची परिणती

पुरांनी गांजलेल्या ओडिशासाठी महानदीचे नियंत्रण कसे करावे, याचा विचार करण्यासाठी ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे परिषद झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर सदस्य या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्या अध्यक्षस्थानी होते. सिंचन व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. पाणी ही आपत्ती नसून संपत्ती आहे, तेव्हा ते लवकर समुद्रात कसे घालवावे याऐवजी ते कसे साठवावे याचा विचार केला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. साठविलेल्या पाण्यापासून सिंचन, वीज आणि नौकानयन असे अनेक लाभ एकाच वेळी मिळू शकतात, हे बहुउद्देशीय योजनेचे तत्त्व त्यांनी तेथे मांडले. महानदीवर हिराकुड, टिकरपाडा व नराज अशी तीन धरणे बांधण्याची मूळ कल्पना होती.

त्यांपैकी हिराकुडचे मोठे धरण उभे राहिले. १५ मार्च १९४६ रोजी पायाभरणी झाली आणि १३ जानेवारी १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले. बांध धरून त्याची लांबी सुमारे २५.८ किलोमीटर आहे. शेकडो गावे आणि लाखाहून अधिक माणसे विस्थापित झाली. सिंचन, वीज आणि पूरनियंत्रण हे उद्देश बऱ्याच अंशी साधले. वरच्या खोऱ्यापासून समुद्रापर्यंतची सलग नौकावाहतूक मात्र पुन्हा सुरू झाली नाही. रेल्वेने निर्व्यापार केलेला जलमार्ग आता भिंतीने दुभागला गेला. ज्या साठ्याने उन्हाळ्यातही नदीत पाणी ठेवून नाव्यता वाढावयाची, त्याच साठ्याने छत्तीसगढ आणि समुद्र यांच्यातील नौकेची वाट बंद केली, हा या इतिहासातील विरोधाभास होय.

१०. आजची स्थिती

राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ याने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून घोषित केले. त्यांत महानदीचा संबळपूर ते पारादीप हा सुमारे ४२५ किलोमीटरांचा भाग ‘राष्ट्रीय जलमार्ग ६४’ म्हणून समाविष्ट आहे. ही घोषणा संबळपूरपासून सुरू होते, यातच पुष्कळसे उत्तर आहे. छत्तीसगढातील महानदी किंवा शिवनाथ यांचा त्या यादीत समावेश नाही. कायदा नदीला जलमार्ग म्हणू शकतो. पात्रात पाणी, खोली आणि माल या तिन्हींची तरतूद त्याला करता येत नाही.

वरच्या खोऱ्यात प्रश्न आता वाटेचा नसून वाट्याचा आहे. समोडा, शिवरीनारायण, बसंतपूर, मिरौनी, साराडीह व कलमा येथे छत्तीसगढने बंधारे बांधले. त्यांमुळे पावसाळ्यानंतरचा प्रवाह घटतो अशी ओडिशाची तक्रार आहे, तर खोऱ्याचा मोठा भाग आपल्या हद्दीत असूनही पाण्याचा वापर कमी आहे असे छत्तीसगढचे म्हणणे आहे. या वादासाठी केंद्र शासनाने मार्च २०१८ मध्ये महानदी जलविवाद न्यायाधिकरण नेमले.

राज्याराज्यांतील या वादाच्या आधीच, भिलाईपासून फार दूर नसलेल्या ठिकाणी, आणखी एक प्रश्न उभा राहिला होता. १९९८ मध्ये, छत्तीसगढ राज्य होण्यापूर्वी, दुर्ग जिल्ह्यातील बोरई औद्योगिक क्षेत्राच्या पाणीपुरवठ्यासाठी शिवनाथेचा सुमारे २३ किलोमीटरांचा पट्टा बावीस वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीच्या व्यवस्थेखाली देण्यात आला. काठच्या गावांतील लोकांना मासेमारी व पाण्याचा वापर यांवर निर्बंध जाणवू लागले, तेव्हा देशभर चर्चा झाली आणि २००७ मध्ये राज्य विधानसभेच्या समितीने हा करार रद्द करण्याची शिफारस केली. वाहतुकीसाठी वापरली जाणारी नदी स्वभावतः सर्वांची असते, कारण तिच्यावरून कोणीही गेल्याने ती कमी होत नाही. उपसली जाणारी नदी मात्र वाटून घ्यावी लागते आणि ज्याचा हात वर आहे त्याचा वाटा मोठा होऊ पाहतो.

उपसंहार

महानदीच्या प्रवाहमार्गाचा हा आढावा घेतल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. नाव्यता हा नदीचा जन्मजात व कायमचा गुण नाही. पाऊस, पात्राचा खडक, राज्यांच्या सीमा, पर्यायी मार्ग आणि पाण्याविषयीची त्या त्या काळाची कल्पना या सर्वांचा तो परिणाम असतो. भोसल्यांच्या काळी उगम आणि मुख एका सत्तेखाली होते, पण साधने अपुरी होती. आज साधने आहेत, पण खोऱ्याचा विचार एकत्रितपणे होत नाही. १९४५ च्या परिषदेत मांडलेले सूत्र म्हणूनच जुने झालेले नाही : साठा करावयाचा तो संपूर्ण नदीच्या हिशेबाने.

कोरचीच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचे पाणी दुर्गच्या पुलाखालून जाते, भिलाई-३ च्या नाल्यांतील पाण्याला पुढे सोबत घेते, हिराकुडच्या भिंतीशी थांबते, सातकोशियाच्या घळीतून निसटते आणि कटकच्या बाराबाटीला वळसा घालून समुद्रास मिळते. या मार्गाने आता मीठ वर येत नाही आणि तांदूळ खाली जात नाही. तरीही वरच्या खोऱ्यात जे अडविले किंवा सोडले जाते, त्याचा परिणाम खालच्या माणसापर्यंत पोहोचतोच. नौका थांबल्या, तरी नदीने जोडलेल्या प्रदेशांचा परस्परसंबंध थांबलेला नाही.